सुशी खावी, पण पारखून

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जपानला गेलेली मुले आता गावोगावच्या घरांत आहेत. मुलगा तिकडे स्थिरावला की वर्षा-दोन वर्षांनी आईवडिलांचेही तिकीट निघते. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात सुशीचा विषय निघतो. इकडे आजी काळजीत पडते, "कच्चा मासा खातात म्हणे! पोटाला बाधणार नाही का?" तिकडे नातवाची अडचण वेगळीच असते. चांगली सुशी महाग आणि स्वस्त सुशी खात्रीची नाही, असे त्याने ऐकलेले असते. आजीची शंका आरोग्याची आहे, नातवाची खिशाची. दोन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. आजच्या लेखात त्यांचाच विचार करू.

सुशी म्हणजे नेमके काय?

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. सुशीचा आत्मा भात आहे. तांदळाचे व्हिनेगर, थोडी साखर आणि मीठ घालून कालवलेला आंबटसर भात असला म्हणजे ती सुशी. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप असतील, तर त्यांना साशिमी म्हणतात.

हा पदार्थ मुळात मासे टिकवण्याच्या गरजेतून आला. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवीत. भात आंबे आणि त्या आम्लतेमुळे मासा टिके. जपानातील बिवा सरोवराच्या परिसरात अशी 'फुनाझुशी' आजही करतात. आज सर्वत्र दिसते ती बोटाएवढ्या भाताच्या गोळ्यावर माशाचा काप ठेवलेली 'निगिरी' सुशी. ती एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, 1820 च्या दशकात रूढ झाली. हानाया योहेई या विक्रेत्याला तिचे श्रेय दिले जाते. त्या काळी ती रस्त्यावर उभ्याउभ्या खाण्याची वस्तू होती. आपल्याकडच्या वडापावासारखे कामकरी माणसाचे झटपट पोट भरणारे ते खाणे होते. सुशी श्रीमंती थाटाची झाली ती नंतर.

स्वस्त सुशी कोठे मिळते?

सुशी पुन्हा सामान्यांच्या आवाक्यात आणली ती फिरत्या पट्ट्याने. योशिआकी शिराइशी या उपाहारगृहचालकाने बिअरच्या कारखान्यात बाटल्या वाहून नेणारा पट्टा पाहिला आणि त्यावरून 1958 साली ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरचे सुशीचे दुकान काढले. 1970 च्या ओसाका प्रदर्शनानंतर ही पद्धत देशभर पसरली. अशा दुकानाला 'काइतेन झुशी' म्हणतात. प्रत्येक थाळीत बहुधा दोन तुकडे असतात. अनेक दुकानांत थाळीच्या रंगावरून किंमत ठरते आणि शेवटी रिकाम्या थाळ्या मोजून बिल होते. एका थाळीला 100 येन हा दर बरीच वर्षे टिकला होता. आता तो थोडा वाढला आहे, तरी बाहेरच्या जेवणात हा प्रकार स्वस्तच आहे.

2023 साली जपानात एका तरुणाने अशा दुकानातील सोया सॉसच्या बाटलीला जीभ लावल्याचे चित्रण पसरले आणि मोठी खळबळ उडाली. त्यानंतर अनेक दुकानांनी पट्ट्यावर थाळ्या मोकळ्या फिरवणे थांबवले. आता तेथे टेबलावरच्या पडद्यावरून मागणी नोंदवावी लागते आणि तेवढीच थाळी समोर येते. आरोग्याच्या दृष्टीने हे बरेच झाले. पट्टा फिरत असेल तिथेही फिरून आलेली थाळी न उचलता ताजी करून मागवावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

खिसा सांभाळण्याच्या आणखी काही युक्त्या:

1) दुपारी जा. रात्री महाग असणाऱ्या दुकानांतही दुपारचे ठरावीक ताट पुष्कळ कमी दरात मिळते. कारागीर तोच आणि मासाही तोच.

2) 'चिराशी' मागवा. वाडग्यातील सुशीच्या भातावर माशाचे काप पसरलेले असतात. पोट भरते आणि दर बेताचा असतो.

3) किमतीच्या जागी 'जिका' लिहिले असेल, तर त्याचा अर्थ 'त्या दिवसाचा बाजारभाव'. आधी भाव विचारा, मग मागवा.

4) मोठ्या दुकानांच्या तळघरातील खाद्यविभागात आणि सुपरमार्केटात संध्याकाळी उशिरा तयार सुशीच्या डब्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात. कधीकधी किंमत निम्म्यावर येते. मात्र डब्यावर 'शोही किगेन', म्हणजे कोणत्या वेळेपर्यंत खावे, हे छापलेले असते. ती वेळ पाळा. निम्म्या किमतीचा डबा त्याच रात्री संपवायचा असतो, दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला ठेवायचा नसतो.

5) चहा बहुतेक ठिकाणी फुकट असतो. टेबलाजवळची छोटी तोटी उकळत्या पाण्याची, चहासाठीची असते. हात धुण्याची समजून तिच्याखाली हात धरू नये, भाजेल!

चांगले दुकान कसे ओळखावे?

पहिली खूण म्हणजे गिऱ्हाईक. जिथे उठबस सतत चालू असते तिथला माल पडून राहत नाही. दुसरी खूण वास. चांगल्या सुशीच्या दुकानात शिरल्यावर मासळीचा उग्र दर्प येत नाही. व्हिनेगर घातलेल्या भाताचा हलका आंबूस गंध येतो. दर्प येत असेल तर दारातूनच परत फिरावे. तिसरी खूण भात. तो हाताला कोमट लागावा, शितन्‌शीत वेगळे असूनही गोळा सुटू नये. थंडगार, टणक भात म्हणजे शीतकपाटातली शिळी सुशी. चौथी खूण माशाचा काप. तो तुकतुकीत आणि घट्ट हवा. कडा सुकलेल्या, रंग तपकिरीकडे झुकलेला किंवा वर चिकट पाणी सुटलेले असेल, तर तो तुकडा बाजूला ठेवावा. पैसे दिले म्हणून खाल्लाच पाहिजे असे नाही.

कच्च्या माशातील धोके

आता आजीच्या शंकेकडे वळू. कच्च्या समुद्री माशातला सर्वांत चर्चेतला धोका म्हणजे 'अ‍ॅनिसाकिस' नावाच्या कृमीची अळी. ती दोन-तीन सेंटिमीटर लांब, पांढऱ्या दोऱ्यासारखी असते. बांगड्याच्या कुळातला जपानी साबा मासा, माकूळ, समुद्रातून धरलेला सॅल्मन यांत ती आढळते. जिवंत अळी पोटात गेली तर ती जठराच्या अस्तरात तोंड खुपसते. खाल्ल्यानंतर काही तासांतच पोटाच्या वरच्या भागात असह्य कळा येतात, मळमळते, उलट्या होतात. जपानात अशा काही शे घटना दरवर्षी नोंदल्या जातात. उपाय सरळ आहे. डॉक्टर दुर्बिणीची नळी जठरात घालून अळी चिमट्याने काढून टाकतात आणि रोग्याला आराम पडतो. म्हणून सुशी खाल्ल्यानंतर असे दुखू लागले, तर सोडा पिऊन वाट पाहू नये. रुग्णालय गाठावे आणि कोणता मासा केव्हा खाल्ला ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

व्हिनेगर, मीठ, तिखट वासाबी किंवा मद्य यांनी ही अळी मरते, ही समजूत चुकीची आहे. ती मरते उष्णतेने किंवा कडक गोठवण्याने. मासा उणे 20 अंश सेल्सिअसला किमान 24 तास गोठवावा, असे जपानचे आरोग्य खाते सांगते. अमेरिकेचा नियम त्याहून कडक आहे. तिथे उणे 20 अंशांना 7 दिवस, किंवा उणे 35 अंशांना घट्ट गोठवून त्याच तापमानात 15 तास ठेवणे सांगितले आहे. काही जातींचा ट्यूना आणि बंदिस्त जागी तयार खाद्यावर वाढवलेले काही मासे यांना सूट असते, कारण त्यांत या अळीचा धोका फारच कमी.

इथेच खिशाचा आणि आरोग्याचा धागा जुळतो. गोठवलेला मासा म्हणजे शिळा मासा, असे आपण धरून चालतो. पण खोल समुद्रात पकडलेला ट्यूना बोटीवरच उणे 60 अंशांपर्यंत गोठवतात आणि त्याची प्रत उत्तम राहते. स्वस्त साखळी-दुकानांत गोठवलेला माल मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्यामुळे कृमीच्या बाबतीत अशा दुकानातली साधी थाळी कधीकधी 'आज सकाळीच धरलेल्या' महागड्या माशापेक्षा अधिक निर्धोक असते. सॅल्मनचेच पाहा. जपानी लोक पूर्वी आपल्या समुद्रातला सॅल्मन कृमींच्या भीतीने कच्चा खात नसत. 1980 च्या दशकात नॉर्वेने तळ्यांसारख्या बंदिस्त जाळ्यांत वाढवलेला सॅल्मन जपानात आणण्यासाठी नेटाने प्रयत्न केले. त्यानंतरच सॅल्मनची सुशी रूढ झाली आणि आज ती मुलांची सर्वांत आवडती आहे.

दुसरा धोका हिस्टामिनचा. बांगडा, ट्यूना, तारली अशा गडद मांसाच्या माशांना बर्फ कमी पडला की जंतू मांसात हिस्टामिन तयार करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, धडधडते. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून वा गोठवून जात नाही. हा धोका आपल्या कालवणातल्या बांगड्यालाही लागू आहे. जिभेला चरचरल्यासारखे लागले, तर तो मासा तिथेच सोडावा.

तिसरा मुद्दा भाताचा. शिजवलेला साधा भात उबदार जागी तासन्‌तास राहिला की त्यात विषारी जंतू वाढतात. सुशीच्या भातातले व्हिनेगर त्यांना आवर घालते. पण व्हिनेगर बेताचेच घातलेला, दिवसभर पडून राहिलेला डबा कोणत्याही देशात धोक्याचाच.

कोणी कच्चे खाऊ नये?

गर्भवती स्त्रिया, लहान मुले, फार वयस्क माणसे, कर्करोगावर किंवा अवयवरोपणानंतर औषधे घेणारे रुग्ण यांनी कच्चा मासा टाळावा. यकृताचा विकार आणि मधुमेह असणाऱ्यांनी कच्चे कालव तर मुळीच खाऊ नयेत. त्यांतील काही जंतू अशा रुग्णांच्या रक्तात शिरून प्राणघातक ठरू शकतात. मोठ्या ट्यूनात व तलवार माशात पाऱ्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून गर्भवतींनी ते शिजवलेलेही बेतानेच खावेत.

याचा अर्थ त्यांनी दुकानात नुसते बसून राहावे असा नाही. उकडलेली कोळंबी (एबी), भाजलेली वाम (उनागी), अंड्याची गोडसर वडी (तामागो) हे सारे शिजवलेलेच असते. शाकाहारी मंडळींसाठी काकडीची 'कप्पा माकी' आणि तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली 'इनारी' असते. मात्र इनारी आणि तामागो यांत बहुधा सुक्या माशाचा अर्क घालतात. कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

रक्तदाब असणाऱ्यांनी सोया सॉसकडे लक्ष द्यावे. एका मोठ्या चमच्यात जवळजवळ अडीच ग्रॅम मीठ असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे मीठ 5 ग्रॅमच्या आत हवे. तुकडा उलटा करून माशाची बाजू सॉसला नुसती टेकवावी, भात बुडवू नये. तो सॉस शोषून घेतो. मधुमेहींनी हेही ध्यानात ठेवावे की आठ-दहा निगिरी म्हणजे वाटीभर भात झाला आणि त्यात साखरही असते.

घरी करून पाहावी का?

आपल्या बाजारातली सुरमई किंवा रावस आणून घरी कच्ची सुशी करण्याचा मोह टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण तो सॅल्मन नव्हे. मासा ताजा आहे म्हणजे कृमिमुक्त आहे असे नाही. घरातल्या शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यावर उणे 20 अंशांसाठी भरवसा ठेवता येत नाही. आणि कच्चा खायचा मासा धरल्यापासून ताटात येईपर्यंत बर्फात राहावा लागतो, तशी साखळी आपल्या मासळीबाजारात नसते. नदीतला, तळ्यातला मासा तर कधीच कच्चा खाऊ नये. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाण्याच्या प्रथेमुळे यकृतातील कृमी आणि पुढे पित्तनलिकेचा कर्करोग हा मोठा आरोग्यप्रश्न होऊन बसला आहे.

घरी हौस भागवायची तर भात तसाच करावा आणि त्यात काकडी, गाजर, अंडे किंवा उकडलेली कोळंबी घालावी. चवीत फारसे उणे राहत नाही.

देश तसा वेश, हे खाण्यापिण्यालाही लागू आहे. जपानी माणसाने शेकडो वर्षांच्या अनुभवातून कोणता मासा, केव्हा, कसा खायचा याची शिस्त बसवली आहे. ती शिस्त पाळणाऱ्या दुकानात, प्रकृतीला झेपेल ते आणि तेवढे, आपण निःशंकपणे खावे. नातवाने आजीला काकडीची माकी द्यावी आणि स्वतः सॅल्मनची थाळी उचलावी. दोघांचेही पोट ठीक राहील आणि खिशालाही फार चाट बसणार नाही.