फट, वाव आणि वाट : टर्बोचार्जर बसविताना पडणारा जागेचा प्रश्न

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगास शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी लागून आहेत. शहापुराहून खर्डी-कसाऱ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा मार्ग थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचतो. मुरबाडहून टोकावड्यावरून जाणारा रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात शिरतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. तेथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते. माणसांनी व सामानाने भरलेली लहान एंजिनाची मोटार हा घाट चढताना जी धाप टाकते, तिचे थोडे कारण या विरळपणात आणि पुष्कळसे चढात असते. अशा मोटारीस मागाहून टर्बोचार्जर बसवावा ही कल्पना घाटाखालच्या मुलखात का सुचावी, हे वेगळे सांगावयास नको.

टर्बोचार्जरचे तत्त्व सोपे आहे. एंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका चक्रावर सोडावयाचा. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकास असलेले चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनात लोटते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचा पेटंट 1905 मध्ये घेतला. विक्रीस ठेवलेल्या प्रवासी मोटारीत मात्र ती 1962 साली, ऑल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरले कॉर्व्हेर मोन्झा स्पायडर या दोन अमेरिकन गाड्यांमध्ये आली. कारखान्यातच टर्बोचार्जर घेऊन निघालेल्या मोटारीत त्याची जागा आधीपासून आखलेली असते. मागाहून बसविणाऱ्यास ती शोधावी लागते, आणि बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

या अडचणींना कारागीर आणि पुस्तके एकच शब्द लावतात : क्लिअरन्स. कोशात त्यास एकच मराठी प्रतिशब्द देऊन मोकळे होण्याची परिभाषाकारांची रीत येथे गैरसोयीची ठरते. कारण या एका शब्दाखाली निदान तीन निरनिराळ्या वस्तू लपलेल्या आहेत, आणि साध्या मराठीत त्यांना निरनिराळी नावे आहेत. दोन स्थिर वस्तूंमधील अंतर ही ‘फट’. हलणाऱ्या वस्तूस हालण्यापुरती ठेवलेली जागा हा ‘वाव’. आणि ज्यातून काही वाहून जावयाचे, तेल, हवा किंवा पान्हा धरलेला हात, ती ‘वाट’. म्हसे येथील पौषी पौर्णिमेच्या यात्रेत बैल घ्यावयास येणाऱ्या शेतकऱ्यास हा भेद सांगावा लागत नाही. गाडीच्या आसावर चाकाच्या तुंब्यास जो वाव असतो, त्यास तो फट म्हणत नाही. फट पडली असे तो म्हणतो तेव्हा लाकूड चिरलेले असते.

फटीचा प्रश्न सर्वांत सोपा, म्हणून तो थोडक्यात सांगून पुढे जावे हे बरे. एंजिन थंड असताना टर्बोचार्जर जागेवर धरून बॉनेटच्या आतल्या बाजूस शाडूच्या ओल्या मातीचे गोळे चिकटवावे, बॉनेट हलकेच मिटून पुन्हा उघडावे आणि चेपलेल्या मातीची जाडी मोजावी. जागा अपुरी असल्यास मॅनिफोल्ड कापण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. टर्बोचार्जरची काया तीन भागांची असते : मधला भाग आसाचा, आणि दोन्ही बाजूंस गोगलगाईच्या शंखासारखी दोन कवचे. बोल्ट किंवा पट्टा सैल करून ही कवचे मधल्या भागाभोवती फिरविता येतात. हवेचे तोंड बॉनेटकडे असेल तर ते खाली किंवा बाजूस वळते, आणि पुष्कळदा कापाकापीवाचून काम भागते. मात्र दाब मर्यादेत ठेवणारी दांडी ज्या पट्टीवर बसते तीही त्याबरोबर सरकते; ती पुन्हा जुळविली नाही तर जागा मिळते आणि एंजिन जाते. मधला भाग मात्र या सोयीसाठी फिरवू नये. त्याचे कारण पुढे तेलाच्या वाटेसंबंधी येईलच.

वाव हा प्रश्न याहून कठीण, कारण तो उभ्या गाडीत दिसत नाही. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असते आणि जोर लागताच ते कलते. आडव्या बसविलेल्या एंजिनात हा कल पुढेमागे असतो, म्हणजे नेमका रेडिएटरच्या आणि चालकापुढील पत्र्याच्या दिशेने. आधार जुने असतील तर वरच्या टोकाशी हालचाल एखाद-दोन सेंटिमीटरही होऊ शकते. कार्यशाळेच्या सपाट फरशीवर बोटभर राहिलेले अंतर घाटातल्या वळणावर पहिल्या गियरमध्ये शून्य होते ते यामुळे. रबर बदलून कठीण घालणे हा उपाय सुचविला जातो. तो अर्धाच उपाय आहे, कारण मग एंजिनाचा थरथराट गाडीभर पसरतो. त्यात उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाची भर पडते. 300 मिलिमीटर लांबीचे बिडाचे मॅनिफोल्ड 600 अंशांनी तापले तर ते सुमारे दोन मिलिमीटर वाढते. दोन मिलिमीटर ऐकावयास थोडे वाटतात. पण दोन्ही टोके घट्ट जखडलेल्या धातूस ते पुरेसे होतात आणि तो तडकतो. म्हणून टर्बोचार्जरपुढील धुराच्या नळीत एखादा लवचीक जोड ठेवणे ही चैन समजू नये.

उष्णतेच्या बाबतीत अंतराचा अर्थच पालटतो. पेट्रोल एंजिनाचा धूर चक्रापाशी 900 अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकतो, आणि इतके तापलेले बीड शेजारच्या वस्तूस स्पर्श न करताही भाजते. हिंदुस्थानातील मोटारीत चालक उजवीकडे बसतो. ब्रेकचे द्रव्यपात्र व नळ्या सामान्यतः त्याच्यापुढे असतात, आणि टर्बोचार्जर मागील बाजूस आला तर तो त्यांचा शेजारी होतो. ‘डॉट 3’ प्रतीचे ब्रेकचे नवे द्रव्य 205 अंशांखाली उकळू नये असा दंडक आहे. परंतु हे द्रव्य हवेतील ओल शोषते, आणि ओल शोषलेल्या द्रव्यास तीच मर्यादा 140 अंशांची आहे. शहापूर-मुरबाडच्या पावसात दोन-चार वर्षे राहिलेल्या गाडीचे द्रव्य कोणत्या मर्यादेच्या जवळ असेल हे उघड आहे. घाट चढताना निदान समोरचा वारा असतो. माथ्यावर गाडी थांबली, एंजिन बंद झाले, की वारा जातो आणि टर्बोचार्जरची साठलेली उष्णता आसपास पसरते. त्यानंतर उतार लागतो, म्हणजे ब्रेक तापतात. द्रव्याची नळीत वाफ झाली तर पाय फळीस टेकतो आणि गाडी थांबत नाही. या ठिकाणी ‘घासत नाही ना?’ एवढेच विचारून समाधान मानणारा कारागीर चुकीचा प्रश्न विचारीत असतो. नळी दूर नेता येत असेल तर ती नेणे हाच पहिला उपाय. ते शक्य नसेल तर मध्ये चकचकीत पत्र्याचा पडदा घालावा, आणि त्या पडद्याच्या दोन्ही अंगांस हवा खेळेल इतके अंतर सोडावे. नळीस चिकटवून बसविलेला पडदा नळीलाच तापवितो.

आता वाट. टर्बोचार्जरचा आस मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल वरून दाबाने येते, परंतु परत जाताना ते फेसाळलेले असते व केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. म्हणून परतीची नळी रुंद हवी, तिचा उतार अखंड हवा, आणि ती तळातील तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. मधला भाग फिरवू नये याचे कारण हेच : त्याचे खालचे तोंड जवळजवळ उभे राहिले पाहिजे. आडवी येणारी चौकट चुकविण्यासाठी ही नळी क्षणभर आडवी किंवा चढती केली की तेल तुंबते, आसाच्या कड्यांपलीकडे जाते आणि धूर निळा होतो. मग ‘ऑइल सील गेले’ असे निदान होते, नवा टर्बोचार्जर येतो, तोही आठवड्यात तसाच धूर ओकू लागतो. बिचाऱ्या सीलचा दोष नसतो. त्या कड्या तुंबलेले तेल अडविण्यासाठी घडविलेल्याच नसतात. फटीच्या मोजणीत ही नळी सर्वथा निर्दोष ठरते, कोठेही घासत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एका शब्दाने तीन प्रश्न झाकले जातात म्हणून झालेली ही चूक आहे, आणि तिची किंमत रोकड मोजावी लागते.

वाटेच्याच सदरात हवेची नळी येते. जागा नाही म्हणून हवा घेणारे तोंड पुढच्या बंपरखाली नेले जाते. उन्हाळ्यात ते चालते. पावसाळ्यात ओहोळावरून गाडी नेताना तेच तोंड पाणी ओढते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे एंजिनाचा दांडा वाकतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला. तेव्हा परिवहन कार्यालयात विचारणा काम हाती घेण्यापूर्वी करावयाची असते.

काम पुरे झाल्यावरची चाचणी सपाट रस्त्यावर घेऊ नये. शाडूचे नवे गोळे एंजिनाच्या कलत्या बाजूस, पण तापणाऱ्या भागांपासून दूर लावून गाडी भरलेल्या वजनाने कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत न्यावी, वर पोहोचल्यावर एंजिन एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवून मग बंद करावे, आणि गोळे चेपले आहेत काय, नळ्यांवर घासल्याची चमक आहे काय, ब्रेकची नळी हातास सोसवते काय, हे पाहावे. मॅनिफोल्डचे बोल्ट पूर्ण थंड झाल्यावरच पुन्हा आवळावे. तेवढा वेळ गाडी माथ्यावर उभी राहू द्यावी, उतार त्यानंतरच.