अंगावर उठणारे ‘पित्त’ येते कोठून?

कोळंबीचे कालवण खाऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच ओठ सुजू लागतात, किंवा गांधीलमाशी चावताच अंगभर गांधी उठतात. आपल्याकडे याला ‘पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी चोळतात. वास्तविक यकृतात तयार होणाऱ्या पित्ताचा येथे काहीही संबंध नसतो. हा प्रताप असतो आपल्याच शरीरातील ‘मास्ट पेशीं’चा. या पेशींनी आधीच साठवून ठेवलेली रसायने एकदम बाहेर पडलेली असतात.

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८७८ मध्ये विशिष्ट रंग वापरून या पेशी ओळखल्या. सूक्ष्म कणिकांनी गच्च भरलेल्या या पेशी त्यांना खाऊनपिऊन पुष्ट झालेल्या वाटल्या आणि त्या अर्थाचे जर्मन नाव त्यांनी दिले. या कणिकांत अन्न नसून दाह निर्माण करणारी द्रव्ये असतात, हे पुढे स्पष्ट झाले. शरीरातील हिस्टामाइनचा मोठा साठा याच पेशींत असतो, हे रायली आणि वेस्ट या संशोधकांनी १९५३ मध्ये दाखवून दिले.

कोठाराची रचना

त्वचा, श्वासमार्ग आणि आतड्याचे अस्तर अशा बाह्य जगाशी संबंध येणाऱ्या ठिकाणी, रक्तवाहिन्यांच्या आसपास मास्ट पेशी ठाण मांडून असतात. त्यांतील प्रत्येक कणिकेभोवती पातळ आवरण असते आणि आतील वातावरण आम्लधर्मी असते. तेथे धन विद्युतभाराचे हिस्टामाइन ऋण विद्युतभाराच्या हेपारिनला घट्ट चिकटून राहते. ट्रिप्टेजसारखी विकरेही त्याच कणिकांत साठवलेली असतात.

अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीच्या शरीरात विशिष्ट पदार्थाविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. तोच पदार्थ पुन्हा शरीरात आला की तो शेजारशेजारच्या प्रतिपिंडांना एकत्र जोडतो. हाच इशारा ठरतो. पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण वाढते, काही प्रथिने कणिकांना पेशीपटलाकडे ओढून घेतात, दोन्ही आवरणे एकरूप होतात आणि आतील माल बाहेर पडतो. पेशींमधील अशा सूक्ष्म पिशव्यांच्या वाहतुकीची यंत्रणा उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि सुडहॉफ यांना २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेर आम्लता नसल्याने हेपारिनची पकड सुटते आणि हिस्टामाइन मोकळे होते. मास्ट पेशी मात्र मरत नाही. ती रिकाम्या झालेल्या कणिका कालांतराने पुन्हा भरते.

दुसरी लाट

हिस्टामाइनमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो, सूज आणि खाज येते, श्वासनलिका आवळल्या जातात. त्याच सुमारास पेशी ल्युकोट्राइनसारखी नवी द्रव्येही तयार करू लागते. काही रुग्णांत त्रास ओसरल्यावर काही तासांनी तो पुन्हा उफाळतो, त्याचे कारण केवळ पहिला साठा हे नसते.

नेहमीची अ‍ॅलर्जीची गोळी कोठार बंद करत नाही. ती सुटलेल्या हिस्टामाइनला पेशींवरील त्याच्या जागी बसू देत नाही, एवढेच. साध्या खाजेला ती पुरते. परंतु श्वास लागणे, आवाज घोगरा होणे, घसा आवळणे, चक्कर येणे अशी लक्षणे दिसल्यास गोळी घेऊन वाट पाहणे धोक्याचे आहे. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार होय. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि श्वासमार्ग मोकळा करते. रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे, आणि बरे वाटू लागले तरी डॉक्टर सांगतील तेवढा वेळ तेथेच देखरेखीखाली ठेवावे.

मग हे कोठार शरीराने बाळगले तरी कशासाठी? या पेशींतील विकरे साप आणि मधमाशीच्या विषातील घटकांचे विघटन करून संरक्षण देतात, असे उंदरांवरील प्रयोगांत २००६ मध्ये आढळले. परजीवी जंतांविरुद्धच्या लढ्यातही त्यांचा वाटा असतो. थोडक्यात, ही शस्त्रे खऱ्या शत्रूसाठी आहेत. कोळंबीला शत्रू समजण्याची चूक प्रतिकारशक्ती करते, तेव्हा हाताशी वेळ उरतो तो मिनिटांचाच.