आजी दारात आली आणि पेपर बंद पडला! ऑनलाइन परीक्षेत एआय रोखतात कसं?

ज्यांना इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

गेल्या महिन्यात सिन्नरहून मावसबहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "दादा, माझा पेपर बंद झाला रे." एका कंपनीची कॅम्पस टेस्ट ती घरून देत होती. घर दोन खोल्यांचं. आजी पाणी घ्यायला आत आली, कॅमेऱ्याला दुसरा चेहरा दिसला, दोनदा वॉर्निंग आली आणि टेस्ट संपली. तिच्याच वर्गातल्या एकाने शेजारी मोबाइल ठेवून चॅटजीपीटीला विचारत पेपर दिला म्हणे. त्याला काही झालं नाही.

"दादा, हे सॉफ्टवेअर नक्की बघतं तरी काय?" मी बीटेकवाला, उत्तर द्यायलाच लागलं.

पहिलं कुलूप: लॅपटॉप

सेफ एक्झाम ब्राउझर हे यातलं नावाजलेलं सॉफ्टवेअर. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेलं, मोफत आणि ओपन सोर्स. ते सुरू झालं की स्क्रीनवर फक्त पेपर. दुसरं अ‍ॅप, नवी टॅब, कॉपी-पेस्ट सगळं बंद. ते सर्व्हरला एक हॅश, म्हणजे डिजिटल ठसा पाठवतं. सेटिंगमध्ये कोणी छेडछाड केली की ठसा जुळत नाही.

नुसतं स्क्रीन शेअर करून भागत नाही, कारण एखादी विंडो स्क्रीन कॅप्चरमधून वगळायची सोय विंडोजमध्येच आहे. काही एआय टूल्स त्याच वाटेने लपतात. परीक्षा देणाऱ्याला उत्तर दिसतं, तपासणाऱ्याला नाही.

कुलपाबाहेरचा मोबाइल

लॅपटॉप कितीही बंद करा, मांडीवरच्या मोबाइलचं काय? ऑगस्ट २०२३ मध्ये तलाठी भरतीची ऑनलाइन परीक्षा होती, दहा लाखांवर अर्ज. नाशिकला म्हसरूळच्या केंद्राबाहेर पोलिसांनी एका संशयिताला पकडलं. त्याच्याकडे टॅब, वॉकी-टॉकी, मोबाइल, हेडफोन सापडले. तेव्हा अशा कामाला बाहेर माणूस बसवावा लागायचा. आता तेच काम फोनमधलं एआय करू शकतं.

चीनने जून २०२५ मध्ये वेगळा उपाय केला. गाओकाओ या प्रवेश परीक्षेच्या वेळात तिथल्या मोठ्या एआय कंपन्यांनी प्रश्नाचा फोटो ओळखायची सोयच बंद ठेवली. पण हा उपाय सगळा देश एकाच वेळी परीक्षेला बसतो तेव्हाच जमतो. रोज कुठे ना कुठे टेस्ट असते, तेव्हा नाही.

पकडणाराही चुकतो

कॅमेऱ्याला कॉपी कळत नाही. चेहरा, नजर, आवाज एवढंच कळतं. एआयने लिहिलेलं ओळखणारी टूल्सही तशीच. ओपनएआयचं स्वतःचं टूल एआयचा फक्त २६ टक्के मजकूर बरोबर ओळखायचं. जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात टूल्स तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के या टूल्सनी एआयचे ठरवले! मराठी माध्यमातून शिकून साधं-सरळ इंग्रजी लिहिणाऱ्या पोराला याचा फटका बसू शकतो.

मग करायचं काय?

नोकरी किंवा प्रवेश ठरवणारी परीक्षा केंद्रावरच घ्यावी: मशीन लॉक, मोबाइल बाहेर, झडती आत जातानाच. घरून घ्यायचीच असेल तर नंतर पाच मिनिटं तोंडी विचारा, "हे उत्तर कसं काढलंस?" चोरलेलं उत्तर तिथे टिकणं अवघड. आणि वॉर्निंग म्हणजे निकाल नव्हे. रेकॉर्डिंग माणसाने बघितल्याशिवाय कोणाला बाद करू नये.

तुम्ही काय कराल? कोणती टूल्स चालतात ते आधी वाचा. डेमो टेस्ट द्या. घरच्यांना वेळ सांगून ठेवा. पेपर मध्येच बंद पडला तर वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी मेल करा: "माझं रेकॉर्डिंग माणसाकडून तपासा."

बहिणीने तसा मेल केलाय. उत्तर अजून आलेलं नाही. आजी मात्र रोज विचारते, "माझ्यामुळे पोरीचं नुकसान झालं का रे?" आजी, तुझी काहीच चूक नाही.

भेटू पुढच्या भागात!