आमची वीणा आणि पाऊस

इयत्ता ४ थी



आपल्या कुरवंड्यात पाऊस किती पडतो ते तुम्हाला सांगायला नको. लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरांच्या वर पाऊस होतो. म्हणजे ४ मीटर झाले. बाईंनी आम्हाला मीटरपट्टी भिंतीला एकावर एक चार वेळा लावून बघायला सांगितली, तर मधेच छत आलं! आषाढात नागफणी दिवसदिवस ढगात असते. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीची काडी ओढली तर नुसती घासते. माणसाचं बरं असतं, माणूस चुलीपाशी जाऊन बसतो. पण वीणेने काय करावं? म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

आपल्या गावच्या भजनाची वीणा आमच्या घरी असते, कारण माझे आबा विणेकरी आहेत. तिची निगा कशी राखायची ते मला आबांनी शिकवलं. आता आबांना नीट दिसत नाही, म्हणून पुसायचं काम माझ्याकडे आलं आहे.

आधी वीणेचे भाग सांगते. खाली गोल असतो तो भोपळा. त्याच्यावर लाकडाची पातळ फळी बसवलेली असते, तिला तबली म्हणतात. वर लांब दांडी, आणि दांडीच्या टोकाला खुंट्या. तबलीवर छोटी घोडी असते. ही घोडी पळत नाही, तारा पाठीवर घेऊन उभी राहते. आमच्या वीणेला चार तारा आहेत, तीन पोलादी आणि एक पितळी.

भोपळा खरा असतो का, असं मला वर्गातल्या दोघांनी विचारलं. होय, खरा असतो. पण तो भाजीचा नाही. तो कडू असतो आणि त्याची साल वाळली की लाकडासारखी टणक होते. असे मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूला सोलापूर जिल्ह्यात पिकवतात. तिथून ते मिरजेला जातात. मिरज सांगली जिल्ह्यात आहे. तिथे सतारी, तंबोरे आणि वीणा करणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे तलवारींना धार लावणारे. पुढे तलवारींचं काम कमी झालं. मग १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या कारागिरांनी वाद्यं करायला घेतली, आणि तेव्हापासून ते काम तिथे चालू आहे. दांडीसाठी ते तून नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसऱ्या गावच्या वाद्यावर मिरजेचं नाव घालून विकता येत नाही. आमची वीणा मिरजेचीच आहे. आबा म्हणतात, "ती कोरड्या मुलखातली लेक आहे. आपल्याकडं सासरला आली. पहिल्या पावसात कावरीबावरी व्हायचीच."

आता तिला ओल का सोसत नाही ते सांगते. आपल्या शाळेचं दार पावसाळ्यात फुगतं आणि कडी लागत नाही, गुरुजींना खांदा लावावा लागतो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. उन्हाळ्यात तेच पाणी निघून जातं आणि लाकूड आक्रसतं. दार जाडजूड असतं, त्याला काही होत नाही. पण तबली पातळ असते. शिवाय भोपळा आणि लाकूड सारखे फुगत नाहीत. एक जास्त, एक कमी. मग त्यांच्या सांध्यावर ताण येतो. हा सांधा सरसाने जोडलेला असतो. सरस जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून करतात. तो गरम पाण्यात विरघळतो आणि ओलीत मऊ पडतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या वीणेचा असाच सांधा सुटला. बोट जाईल एवढी फट पडली. तेव्हा वीणा बाहेरच्या भिंतीवर टांगलेली होती आणि त्या भिंतीवर पावसाची झड बसते. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. सप्ताह जवळ आला होता. एकजण म्हणाले, दुकानात झटपट चिकटवायची नळी मिळते ती आणू. आबांनी नको म्हटलं, पुण्याला कारागिराकडे नेली. कारागीर म्हणाले, बरं झालं, नळी लावली नाहीत. सरस ऊन करून पुन्हा उघडता येतो, पुन्हा जोडता येतो. त्या नळीने जोडलेलं उघडताना लाकूडच फुटतं. सप्ताहाच्या आदल्या दिवशी वीणा घरी आली.

तेव्हापासून ती आतल्या भिंतीवर असते. चुलीच्या जवळ पण नाही. पुष्कळांना वाटतं की चुलीजवळ कोरडं असतं, तिथे टांगावी. पण उबेने सरस सुटतो आणि भोपळ्याला चीर जाते. धुराने तारा पण काळ्या पडतात. जास्त ओल नको आणि जास्त ऊब पण नको, जिथे आपल्याला झोप चांगली लागते तिथेच तिला ठेवावी.

प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये. वारीत पाऊस आला की दिंडीतले विणेकरी वीणेला प्लास्टिक घालतात, ते तेवढ्यापुरतं ठीक आहे. मुक्कामाला पोचलं की लगेच काढायचं. नाहीतर आतली ओल आतच राहते आणि पांढरी बुरशी धरते. घरी वीणेला सुती कापडाची गवसणी घालायची. नवीन बुटांच्या खोक्यात एक छोटी पुडी असते, "खाऊ नका" असं लिहिलेली. ती ओल शोषून घेते. तशा चार पुड्या मी जमवून गवसणीच्या खिशात ठेवल्या आहेत. लहान भावंडांच्या हाती मात्र देऊ नयेत.

खुंट्यांची एक गंमत आहे. पावसाळ्यात खुंटी भोकात फुगून घट्ट बसते, हलत नाही. जोर केला तर मोडते. तेव्हा थोडं थोडं दोन्ही बाजूंना फिरवून सोडवावी लागते. चैत्र-वैशाखात तीच खुंटी ढिली होते, तार लावली की सुर्रकन मागे फिरते. त्याला औषध आपल्या शाळेतच आहे. खडू! खुंटी काढून जिथे घासते तिथे खडू फिरवायचा, मग ती धरून राहते. (मी फळ्याजवळचे तुकडे नेते, आख्खा नेत नाही.)

तारा रोज पुसाव्या लागतात. वाजवणाऱ्याच्या बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं. मिठाने पोलादी तार गंजते आणि खरखरीत होते, मग सूर बसका येतो, एक दिवस तार तुटते. पितळी तार गंजून तांबडी होत नाही, काळी पडते. कोरडं मऊ फडकं तारेखालून घालून वरपासून खालपर्यंत ओढायचं. पाणी लावायचं नाही. तेल पण नको, तेलावर धूळ बसते. पुसताना घोडीवर तारेखाली बारीक दोरा दिसेल, तो कचरा समजून काढू नका. त्या दोऱ्यामुळेच आवाजाला गुंजन येतं. दोरा केसाएवढा सरकला तरी आबांना न बघता कळतं.

पुष्कळ दिवस वाजवायची नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवतात, म्हणजे दांडीवर ओढ राहत नाही. पण अगदी सैल करायच्या नाहीत. घोडी तारांच्या दाबानेच उभी असते, ती जागेवरून सरकते. भोपळ्याखाली पिवळा भुसा पडलेला दिसला तर कीड लागली समजावं आणि लगेच कारागिराला दाखवावं.

माझ्या मामेभावाकडे गिटार आहे. तिला सहा तारा असतात आणि खुंट्यांना लोखंडी चाकं असतात, त्यामुळे त्याला खडू लागत नाही. बाकी सगळं वीणेसारखंच. पावसाळ्यात टायगर पॉइंटला जाणारे पाहुणे गिटार भिजवत नेतात. ते पाहून मला त्या गिटारीची काळजी वाटते.

आता सप्ताहाबद्दल. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. रात्रीसुद्धा कोणीतरी गळ्यात घेऊन उभं असतं. पहारा बदलला की दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. त्या वेळी सांभाळावं लागतं. दुसऱ्याने पट्टा गळ्यात घालून भोपळ्याखाली हात धरल्यावरच पहिल्याने सोडावी.

आणखी एक आहे, ते आबांना सांगायला जड जातं. लोक भक्तीने वीणेला ओले हार घालतात. हाराचं पाणी ठिबकून तबलीत मुरतं. बुक्का आणि कुंकू तारांना लावतात, ते घामात कालवून चिकटतं आणि खुंटीच्या भोकात जातं. मागच्या सप्ताहानंतर मला ते काढायला तीन दिवस लागले, काडीला कापूस लावून काढलं. आबा म्हणतात, कोणाच्या भावाला नको कसं म्हणायचं? म्हणून मी लिहिते. हार झटकून घालावा, किंवा विठोबाच्या तसबिरीला घालावा. बुक्का विणेकऱ्याच्या कपाळाला लावावा. वीणेला हात जोडले तरी चालतात.

आमची गवसणी आता विरली आहे, दोन ठिकाणी भोकं पडली आहेत. आई नवीन शिवणार आहे. कोणाच्या घरी जुनी सुती साडी असेल तर आईला विचारून माझ्याकडे द्यावी. नायलॉनची नको. रंग कोणताही चालेल.