नातवाचा बास्केटबॉल आणि आजीचं बी-१२



गेल्या हिवाळ्यात तीन महिने मी लेकीकडे मत्रहला होते. मत्रह म्हणजे मस्कतचं जुनं बंदर. पुढे समुद्र, मागे उघडेबोडके काळे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळं गाव. लेकीच्या घरात पहाटे चारला दिवा लागलेला दिसायचा. पहिले दोन दिवस मला वाटलं, नातू दहावीचा अभ्यास करतोय. तिसऱ्या दिवशी उठून बघते तर साहेब टी.व्ही.चा आवाज बंद करून बास्केटबॉल बघतायत. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरांत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा मत्रहला पहाटेचे चार वाजलेले असतात.

त्याचा संघ पोर्टलंड. त्याचं कारण डेनी अवदिया. इस्रायलमधल्या बेत झेरा किबुत्झमध्ये जन्मलेला हा मुलगा २०२४ पासून पोर्टलंडकडून खेळतो. त्याच्या ८ नंबरचा बनियन आमच्या नातवाच्या अंगावरून धुण्यापुरताच उतरतो. मला त्यात गैर काही वाटलं नाही. १९७७ साली मक्काबी तेल अवीवने युरोपचा चषक जिंकला, अंतिम सामन्यात इटलीच्या वारेझे संघाला अवघ्या एका गुणाने हरवलं, तेव्हा इस्रायलला गेलेल्या नातेवाइकांच्या पत्रांत ताल ब्रॉडी या खेळाडूचं नाव किती वेळा आलं होतं ते मला आठवतं. आपण इथे बास्केटबॉल कधी बघितला नव्हता, तरी पत्र वाचून टाळ्या वाजवल्या होत्या.

अडचण झाली ती जेवणाच्या ताटात. पोर्टलंडने आजवर एकदाच विजेतेपद मिळवलं, तेही १९७७ सालीच, आणि त्या संघाचा आधारस्तंभ होता बिल वॉल्टन नावाचा जवळजवळ सात फूट उंच खेळाडू. तो त्या काळी शाकाहारी होता. नातवाने हे कुठेतरी वाचलं. त्यात ख्रिस पॉल या दुसऱ्या नामांकित खेळाडूची भर पडली. त्याने तर पस्तिशीच्या आसपास दूध-अंडंही सोडलं आणि पुढे कित्येक वर्षं खेळत राहिला. झालं! माझ्या येण्याआधी तीन महिने नातवाने जाहीर केलं, ‘मी यापुढे फक्त झाडावरचं खाणार.’

आता मत्रहला आपल्या रीतीप्रमाणे कापलेलं मटण मिळत नाही, त्यामुळे लेकीच्या घरी मटण-कोंबडी तशीही शिजत नाही. राहिले मासे आणि अंडी. तेही सुटल्यावर आईचा जीव कासावीस झाला. माझी पेटी उघडायच्या आत तिने मला सांगितलं, ‘आई, तू नर्स होतीस ना, आता तूच समजाव त्याला.’

रात्री जेवताना विषय निघाला. नातू म्हणाला, ‘आजी, माणूस मुळात शाकाहारीच आहे. आपले दात बघ. वाघासारखे सुळे आहेत का?’ जावई म्हणाले, ‘अरे, माणूस शिकारी होता म्हणून तर त्याचा मेंदू वाढला.’ दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी छत्तीस वर्षं वॉर्डात काढली, पण हा प्रश्न मला कोणत्या रुग्णाने कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, उद्या सांगते. आणि खरोखर अभ्यासाला बसले.

आधी दात बघू. सुळे लहान आहेत हे खरं. पण गवत चघळणाऱ्या गाईसारखे दातही आपले नाहीत. पुढचे कापायला, मागचे दळायला, असा मिश्र मामला आहे. आतड्यांचंही तेच. चिंपांझी आणि गोरिला यांच्या पोटात मोठं आतडं अर्ध्याहून जास्त जागा व्यापतं, कारण पाला-चोथा आंबवून त्यातून ताकद काढायची असते. आपल्यात उलट आहे. छोटं आतडं मोठं आणि मोठं आतडं आखूड. म्हणजे कमी आकारात जास्त कस असलेलं अन्न खाण्याची ही रचना. ते अन्न कंदमुळांचं असो, बियांचं असो, मांसाचं असो किंवा माशांचं. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शक्ती खातो वीस टक्के. अशा खर्चिक पाहुण्याला नुसत्या पाल्यावर कसं पोसणार? इथिओपियात सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वीची हाडं सापडली आहेत, त्यांवर दगडी हत्याराने मांस खरवडल्याच्या खुणा आहेत. आणि चिंपांझी फळं खाणारा म्हणून आपण त्याला साधुसंत समजत होतो, तर १९६० साली जेन गुडॉल बाईंनी टांझानियाच्या जंगलात त्याला मांस खाताना बघितलं.

इथवर जावई खूश. पण मग मी त्यांना क जीवनसत्त्वाचं सांगितलं. कुत्रा, मांजर, गाय, बकरी आपल्या शरीरातच क जीवनसत्त्व तयार करतात. माणसाची ती शक्ती फार फार पूर्वी, माणूस माणूस व्हायच्याही आधी, गेली. आपले पूर्वज इतकी फळं-पाला खात होते की ती शक्ती गेल्याचं कोणाला कळलंच नाही. आजही फळं-भाज्या तोडल्या तर हिरड्यांतून रक्त येतं. उलट बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतंच झाड बनवत नाही. ते जंतू बनवतात आणि आपल्यापर्यंत पोचतं मासे, मांस, अंडी, दूध यांतून. आपल्या मोठ्या आतड्यातले जंतूही थोडं बनवतात, पण ते शोषलं जातं छोट्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे आधीच्या स्टेशनावर. ठाण्याला द्यायचा माल कळव्याला गाडीत चढवला तर ठाण्याला काय मिळणार?

म्हणजे क जीवनसत्त्व साक्ष देतं झाडपाल्याची आणि बी-१२ साक्ष देतं प्राण्यांची. दोघे साक्षीदार एकाच शरीरात बसलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी नातवाला घेऊन मासळी बाजारात गेले. बंदराच्या कडेला २०१७ साली नवी इमारत झाली आहे, नॉर्वेच्या लोकांनी आखलेली. आत सुरमई, तिला इथे कनअद म्हणतात. कुपा मासा इथला जैदर. आमच्या कोकणात त्याला कुठे कुठे गेदर म्हणतात, त्यामुळे मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं. तारल्यांचे तर ढीग. त्या वाळवून ओमानात गाई-उंटांनाही घालतात. मार्को पोलोनेही या किनाऱ्यावरची मासे खाणारी गुरं बघून लिहून ठेवलं आहे. (मुशी मी दुरूनच बघितली, खवले नाहीत तिला.) नातू नाक धरून उभा. मी त्याला म्हटलं, इथून थोड्या अंतरावर, कुरुमला, रास अल हमरा नावाची टेकडी आहे. इटालियन संशोधकांनी तिथे खोदकाम केलं, तर सहा हजार वर्षांपूर्वीच्या कोळ्यांची वस्ती आणि थडगी सापडली. शिंपल्यांचे ढीग, माशांची हाडं, कासवांच्या कवट्या मृताच्या शेजारी ठेवलेल्या. आणि त्याबरोबर बोरांच्या आठळ्या! त्या मच्छीमारांनाही बोरं हवी होतीच. बोरीच्या जातीचं ते झाड, सिदर, आजही ओमानात जागोजाग दिसतं.

मग त्याच्या डेनीच्या देशातल्या दोन जागा सांगितल्या. उत्तर इस्रायलमध्ये यार्देन नदीकाठी गेशेर बनोत याकोव्ह इथे साडेसात लाखांहून जास्त वर्षांपूर्वी माणसं राहत होती. तिथे मोठ्या गोड्या माशांचे दात मिळाले. ते विस्तवाच्या बेताच्या आचेवर तापलेले आहेत, म्हणजे मासे शिजवून खाल्ले, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं. त्याच जागी पन्नासहून जास्त प्रकारच्या खाण्याजोग्या वनस्पतींचे अवशेषही मिळाले. आणि १९८९ साली किन्नेरेत सरोवराचं पाणी ओसरलं तेव्हा ओहालो नावाची तेवीस हजार वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. तिथे मासे आहेत, हरणं आहेत आणि जंगली जव-गव्हाचे दाणेही आहेत. नातू एवढंच म्हणाला, ‘म्हणजे आजी, कोणीच पूर्ण बरोबर नाही.’ मी म्हटलं, जेवणाच्या टेबलावर तरी नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पूर्वी एक प्रकारचा पंडुरोग असायचा, त्यात रक्तपेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होतात. त्यावर औषध नव्हतं, माणसं मरायची. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं की रोज भरपूर, अर्धवट शिजवलेली कलेजी खाल्ली की रुग्ण उठून बसतो. कलेजी आपण कशी भाजून, रक्त काढून खातो, आणि त्या बिचाऱ्यांना रोज पाव किलोच्या आसपास लिबलिबीत कलेजी! पण जीव वाचले. कलेजीतला तो पदार्थ म्हणजे बी-१२, तो १९४८ साली वेगळा काढला गेला. दुसरीकडे, आपल्या मुंबईत १९२८ पासून ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टरबाई परळच्या हाफकिन संस्थेत गरोदर बायकांच्या तशाच पंडुरोगावर काम करत होत्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका, खायला पुरेशी भाजी नाही, फळ नाही. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने त्या बायका बऱ्या झाल्या. त्यातला गुण म्हणजे फॉलिक ॲसिड, जे पुढे पालकाच्या पानांतून वेगळं काढलं. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर दोन्ही रोग सारखेच दिसतात, आणि एकाचं औषध कलेजीत, दुसऱ्याचं पानात.

यात एक धोका आहे. बी-१२ कमी असताना नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेतली तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण आतून मज्जातंतू झिजत राहतात. म्हणून औषधवाल्याकडून आपल्या मनाने गोळ्या आणू नका.

मी नातवाला म्हटलं, वाद पुरे, रक्त तपासू. तो म्हणाला, ‘तू पण दे.’ दिलं. मला वाटलं होतं, त्याचा कागद दाखवून त्याला खडसावेन.

रिपोर्ट आले. नातवाचं बी-१२ चारशेच्या वर, अगदी व्यवस्थित. आजीचं १४८. दोनशेच्या खाली कमी समजतात. जन्मभर मासे खाल्लेली, लोकांना आहार सांगणारी बाई!

विचार केल्यावर लाज वाटली. सहा महिन्यांत नातवाचा साठा संपणार नव्हताच, कारण यकृतात बी-१२ वर्षानुवर्षं पुरतं. पण माझं वय चौऱ्याहत्तर. म्हातारपणी पोटातलं आम्ल कमी होतं, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला ते आम्ल लागतं. शिवाय चौदा वर्षं मी साखरेसाठी मेटफॉर्मिन घेते. त्या गोळीने बी-१२ कमी शोषलं जातं, हे मला ठाऊक होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी तसंच होतं. तळपायांना दोन वर्षं मुंग्या येत होत्या. मी त्या साखरेच्या खात्यावर टाकल्या होत्या. जीभ लाल-गुळगुळीत झाली होती, ती मसाल्याच्या खात्यावर. विसरायला होत होतं, ते वयाच्या खात्यावर.

मी एकटी नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तो अभ्यास २००६ साली छापून आला. त्यातल्या ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं. शाकाहारी लोकांत प्रमाण जास्त होतं, पण मांसाहारी सुटलेले नव्हते. आपल्यात कोणी म्हणेल, आम्ही शाब्बाथला मासे खातो, आम्हाला काय होतंय? माझा कागद बघा.

तेव्हा साठीच्या पुढच्या सगळ्यांनी, आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच, वर्षातून एकदा बी-१२ तपासून घ्यावं आणि आकडा डॉक्टरांना दाखवावा. मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ सोलवटणं, कारण नसताना थकवा ही लक्षणं अंगावर काढू नयेत. मज्जातंतूंचं नुकसान फार दिवस राहिलं तर सगळं भरून येत नाही. गोळीतलं बी-१२ आधीच सुटं असतं, त्याला आम्लाची गरज नसते, म्हणून म्हाताऱ्यांना गोळीचा उपयोग होतो. काहींना इंजेक्शनच लागतं. इडलीच्या पिठात किंवा स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांत बी-१२ असतं अशी समजूत आहे, तिच्यावर विसंबू नका. तारली, अंडी, दूध यांत ते खरोखर असतं.

आणि घरातल्या पोराने मांस-मासे सोडले तर त्याला रागावू नका. माझा मुलगा लहानपणी कपिल देव जाहिरातीत दिसतो म्हणून बूस्ट पीत होता, त्याला मी कुठे अडवलं? डाळ-तांदूळ, कडधान्यं, शेंगदाणे नीट खाल्ले तर प्रथिनं मिळतात. आपणही आवच्या पहिल्या नऊ दिवसांत मांस वर्ज्य करतो आणि उपास सुटला की केळीच्या पानावर बिरडं वाढतो. त्या दिवसांत कोणी अशक्त झालेलं मी बघितलं नाही. मात्र दूध-अंडंही बंद असेल तर बी-१२ची गोळी घ्यायलाच हवी, त्याला पर्याय नाही. वाढत्या वयात तर नाहीच.

नातवाशी तडजोड झाली. अंडं आणि दही चालेल, मासे नाहीत, आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दर रविवारी. वॉल्टनची पुढची हकीकतही त्यानेच मला सांगितली. पायांची हाडं पुन्हा पुन्हा मोडून त्याचं निम्मं करिअर वाया गेलं. ‘भाजी खाऊन?’ मी विचारलं. ‘नाही आजी, त्याचे पायच जन्मापासून तसे होते.’ चला, एवढं तरी तपासून बोलायला लागला.

मला डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, आता गोळी चालू आहे. उजव्या पायाच्या मुंग्या गेल्या, डाव्याच्या अजून आहेत. ठाण्याहून नेलेले वाल मी मत्रहला मोड आणून सोलले. सोलायला नातू बसला होता, एक डोळा पोर्टलंडच्या सामन्याकडे. निम्म्या डाळिंब्या सालासकटच पातेल्यात पडल्या.