‘कडक’, ‘कडू’ आणि ‘तिखट’ : रुचिवाचक विशेषणांचा अर्थ

परळच्या एखाद्या परमिट रूममध्ये दोघे एकाच बाटलीतील बिअर पीत आहेत, अशी कल्पना करा. एक तिला ‘कडक’ म्हणतो, दुसरा ‘कडू’. पहिल्याचे लक्ष मद्यार्काकडे आहे. भारतीय अन्नमानकांनुसार ५ टक्क्यांहून अधिक व ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर ‘स्ट्राँग’ ठरते. दुसऱ्याचे लक्ष हॉप्सच्या फुलांमुळे येणाऱ्या चवीकडे आहे. हे गुण स्वतंत्र असल्याने दोन्ही विधाने ग्राह्य ठरू शकतात.

लालबागच्या मसाला बाजारातील ‘तिखट’ मात्र निराळे. तेथे गुण एकच; पण प्रत्येक गिऱ्हाइकाचा मापदंड घरच्या स्वयंपाकातून आलेला असतो.

म्हणून दुसऱ्याचा शब्द चुकीचा ठरवण्यापूर्वी विचारावे : कोणता गुण, आणि कशाच्या तुलनेत?