दोन पट्ट्यांमधला गंधार

सोलापुरातल्या एखाद्या भजनाला पेटीवाल्याचा हात निरखून पाहा. गाणारा गंधारावर रेंगाळून स्वर खाली ओढू लागला, की पेटीवाला एकतर एकच पट्टी धरून बसतो, नाहीतर कोमल आणि शुद्ध अशा दोन्ही झटपट आलटूनपालटून दाबतो. सा सेकंदाला २४० कंपनांवर धरला, तर पेटीचा कोमल गंधार साधारण २८५ वर, शुद्ध ३०२ वर. मधली १७ कंपनं गळ्याच्या मालकीची.

अमेरिकेतल्या ब्लूजचा जीव याच फटीत आहे. मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखातले कृष्णवर्णीय गायक गंधार, निषाद, कधी पंचमही जागेवरून जरासा उतरवतात. हीच ‘ब्लू नोट’. पियानोवाला शेजारच्या दोन पट्ट्या एकदमच दाबून तिचा भास निर्माण करतो. गिटारवाल्याचं बरं असतं, तार ताणली की झालं. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्याच टटवायलर स्टेशनवर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी एकाला गिटारच्या तारेवर सुरी घासत गाताना ऐकलं होतं.

मग हे कणसूर नाही का? नाही. कणसूर गाणाऱ्याला स्वर सापडत नाही; ब्लूजवाल्याला तो सापडलेला असतो आणि तो मुद्दाम अलीकडे थांबतो. शिवाय खाली गिटार शुद्ध गंधाराची संगत देत असते, त्यामुळे दोन गंधारांत घर्षण होतं. आपल्या जोग रागातही दोन्ही गंधार आहेत, पण ते एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

ब्लू नोटची ही मुरड आपल्याकडे शोधायची तर लावणीत. सोलापूरच्या शाहीर राम जोशींच्या काळी पेटी नव्हतीच, साथ डफ-तुणतुण्याची. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांची लावणी ऐका, किंवा मोडनिंबच्या कलाकेंद्रात बसा. शब्द तोडताना स्वर घसरतो, तेव्हा पेटी मागेच राहते.

पेटीची ही अडचण जुनीच. संगीताचे अभ्यासक कृ. ब. देवलांनी क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीनं बावीस श्रुतींची पेटी करवून पाहिली. ती काही रुळली नाही, आणि माझ्या मते रुळणारही नव्हती: पायऱ्या कितीही वाढवल्या तरी त्यांची घसरण होत नाही. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदीच घातली. ती पुढं उठली.

आता ऑटो-ट्यून आलं आहे. २९३ वर मुद्दाम थांबलेला गंधार ते जवळच्या पट्टीवर, म्हणजे २८५ वर, ओढून बसवतं आणि ध्वनिमुद्रकाला वाटतं, गाणं सुरात आलं.